चांदीचा चहासंच आणि भांड्यावरचे नाव

आपल्या बारामतीत मोरोपंतांनी १७९४ साली देह ठेवला. त्याच्या एकदोन वर्षे आधी, महादजी शिंदे उत्तरेकडून पुण्यास येऊन राहिले होते त्या सुमारास, अमेरिकेतील बॉस्टन शहरी पॉल रिव्हिअर नावाचा एक सोनार चांदीचा चहाचा संच घडवीत होता. चहाची किटली, तिची बैठक, साखरेचे झाकणाचे भांडे, सायदुधाचा चंबू, चहाचा डबा असे सारे एका घाटाचे सामान. जॉन आणि मेहिटेबल टेम्पलमन या जोडप्यासाठी १७९२–९३ मध्ये केलेला हा संच आता मिनियापोलिस येथील कलासंग्रहालयात आहे. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत या परदेशी किटलीचे काय काम, असे कोणी भगिनी विचारतील. पण तिच्या मागची हकीकत निम्मीअधिक बायकांची आहे, आणि तिचा एक धागा आपल्याकडेही येतो.

१७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या बंदरात तेथील लोकांनी चहाच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात ओतल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. पुढे रघुनाथरावांच्या भाऊबंदकीत शिरून साष्टी गिळणारी कंपनी ती हीच! चहा मात्र हिंदुस्थानचा नव्हे, चीनचा होता. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम पोहोचला तो १८३९ साली.

तंटा होता करावरून. आम्हाला विचारल्यावाचून इंग्लंडने आमच्यावर कर का बसवावा, एवढाच अमेरिकेतील वसाहतवाल्यांचा प्रश्न. पेट्या फोडणाऱ्या पुरुषांची नावे इतिहासात आली. पण इंग्रजी माल घरात येऊ न देण्याचे व्रत पाळायचे कोणी? चूल जिच्या हाती तिनेच. १७७४ च्या २५ ऑक्टोबरला नॉर्थ कॅरोलिनातील ईडन्टन गावी ५१ स्त्रियांनी बहिष्काराच्या ठरावावर आपापल्या नावाने सह्या केल्या. लंडनमध्ये त्यांचे टिंगलीचे चित्र निघाले. बायकांनी कागदावर सही केली की टिंगल व्हायचीच, हा अनुभव आपल्याकडच्या स्त्रियांनाही नवा नाही.

चहा सुटला तसा कॉफीचा खप वाढला, आणि साठेबाजही निघाले. ॲबिगेल ॲडम्स या बाईंनी आपल्या यजमानांना (हे पुढे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले) १७७७ च्या जुलैअखेर लिहिलेल्या पत्रात बॉस्टनची एक गोष्ट सांगितली आहे. एक धनाढ्य, कंजूष आणि अविवाहित व्यापारी कॉफी दडवून बसला होता. शंभरावर बायका हातगाड्या घेऊन त्याच्या वखारीवर गेल्या आणि किल्ल्या मागू लागल्या. तो देईना. तेव्हा एकीने त्याची मानगूट धरून त्याला गाडीतच टाकले! किल्ल्या मिळाल्या, बायकांनी आपल्या हातांनी कॉफी बाहेर काढली, गाड्यांवर लादली आणि त्या चालत्या झाल्या. पुरुषांचा मोठा जमाव आश्चर्याने नुसता पाहत उभा होता, असे बाईंनी लिहिले आहे. महागाईच्या दिवसांत लाटणे घेऊन निघणाऱ्या आपल्याकडच्या मोर्च्यांची कोणाला आठवण झाली तर नवल नाही.

स्वातंत्र्य मिळाले आणि चहा पुन्हा उजळ माथ्याने बैठकीत आला. आता भांड्यांचा घाटही बदलला. इटलीत पाँपेई हे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेले शहर १७४८ पासून खणून काढले जात होते. तेथल्या रोमन कलशांची आणि खांबांची इंग्लंडात व युरोपात मोठी चलती झाली होती. राजा झुगारून लोकराज्य उभारणाऱ्या अमेरिकनांना जुन्या रोमच्या लोकराज्याचे हे रूप फारच भावले. म्हणून साखरेचे भांडे आणि कॉफीपात्र कलशासारखे, किटलीचे अंग दगडी खांबासारखे उभ्या पन्हाळ्यांचे, आणि वर कोरलेली फुलमाळांची, गोंड्यांची झालर. मूठ मात्र लाकडाची, कारण चांदी लगेच तापते.

रिव्हिअरने १७८५ मध्ये चांदी लाटून पत्रा करण्याचे यंत्र घेतले. त्यापूर्वी भांडे ठोकून ठोकून वर काढावे लागे. आता पत्रा कापायचा, वळवायचा आणि सांधा झाळायचा. काम झपाट्याने होऊ लागले. गिऱ्हाईक पुष्कळदा नाणी किंवा जुनी भांडी आणून देई, तीच आटवून नवे भांडे होई. बँका नव्हत्याच म्हटले तरी चालेल. किटली हीच ठेव, आणि चोरी झाली तर ओळख पटावी म्हणून तिच्यावर नावाची अक्षरे. वर आडनावाचे अक्षर, खाली नवऱ्याचे व बायकोचे, अशी तेथली जुनी रीत होती. साखरही जपूनच वापरायची. ती वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येई, आणि तेथे ऊस तोडणारे हात गुलामांचे होते. उसाच्या मुलखातल्या आपण ही गोष्ट सहज विसरू नये.

अक्षर बायकोचे, पण किटली कोणाची? इंग्रजी कायद्याच्या वळणाने त्या काळी तेथे लग्न झालेल्या स्त्रीची जंगम चीजवस्तू नवऱ्याची होई. माहेराहून आणलेली चांदीसुद्धा! बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे तेथे हे बदलले १८५५ साली. आपल्याकडे स्त्रीधनाची कल्पना फार जुनी. याज्ञवल्क्याने दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि अटक अशा प्रसंगीच नवऱ्याने ते वापरले तर परत न दिले तरी चालेल, असे म्हटले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. कागदावर आपण पुढे होतो खऱ्या. पण ज्या शिवाराला नीरेच्या कालव्याचे पाणी पोहोचले नाही, तेथे दुष्काळात घरातले पहिले काय जाई ते वडीलधाऱ्या बायकांना विचारावे. वाळे आणि गोठ गेले ते कोणाच्या कर्जापायी, याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

पुण्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारागीर साहेबलोकांसाठी चांदीच्या किटल्या घडवीत आणि त्यांवर देवदेवतांच्या उठावदार मूर्ती काढीत. आपली पत्ती पोटात घेणारी ती देवादिकांची किटली आपल्या घरांत फारशी आली नाही. आपल्याकडे आला पितळेचा तांब्या, ताट, फुलपात्र आणि त्यांवर टिंबाटिंबांनी घातलेले नाव: कोणाकडून, कोणास, कोणत्या प्रसंगी, तारखेसह. चिंचेने घासून घासून बरीच टिंबे पुसट झाली आहेत. जुने भांडे मोडीत द्यावे लागले तर द्यावे. पण त्यावरचे नाव आणि तारीख आधी मंडळाच्या वहीत उतरवून ठेवावी. माहेरचे नाव असेल तर तेही.