अनुपस्थित पंचाचा मसुदा

कादंबरीकाराने नायकाला उत्तरेस धाडावयाचे ठरविले की नायक उत्तरेसच जातो; तिसऱ्या अंकात घडवून आणावयाचा प्रसंग पहिल्याच अंकात कोणी मोडून टाकील, अशी धास्ती नाटककाराला बाळगावी लागत नाही. परंतु अद्भुतरम्य भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमची कथा जो योजतो, त्याच्या नायकाचे पाऊल परक्या माणसाच्या हाती असते. आणि तो परका मनुष्य राजाची आज्ञा पुरती ऐकून न घेताच दरबारातून निघून जाईल, ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्यावरच शस्त्र उगारील, अथवा राज्य संकटात असताना नदीकाठी निवांत मासे धरीत बसेल, हे सारे गृहीत धरून त्याला आपला मसुदा सिद्ध करावा लागतो. अनोळखी सहकर्त्यासाठी कथा आगाऊ रचून ठेवण्याची ही विद्या संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. तिचे कूळ शोधीत मागे गेले म्हणजे आपण प्रशियाच्या लष्करात येऊन पोहोचतो, आणि तेथे नकाशावर वाकलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधोमध एक तिसरा मनुष्य बसलेला आढळतो. तो पंच हाच या विद्येचा मूळपुरुष होय.

आपल्या चतुरंगाने इराण व अरबस्तान ओलांडून युरोपात बुद्धिबळाचे रूप घेतले, आणि 1780 मध्ये ब्राउनश्वाइग येथील हेलविग नामक अध्यापकाने त्याच पटाचा विस्तार करून, निरनिराळ्या रंगांच्या चौकोनांनी डोंगर, पाणी व सपाटी दाखविणारा युद्धखेळ रचला, येथवरची परंपरा पटाची आहे. प्रशियाच्या तोफखान्यातील अधिकारी राइसविट्झ याने 1824 मध्ये आपल्या वडिलांच्या प्रयोगावरून जे ‘क्रीगश्पील’ प्रसिद्ध केले, त्यात मात्र चौकोन गेले आणि 1:8000 प्रमाणाचा खरा भूनकाशा आला. खेळाडू आपले हुकूम लेखी पंचाच्या स्वाधीन करी, पंच फासे टाकून व कोष्टके पाहून परिणाम ठरवी, आणि प्रत्येक पक्षाला त्याच्या सैन्याच्या नजरेस जेवढे पडले असते तेवढेच कळवी. पुढे 1876 मध्ये फेर्दी द्यू वेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने फासे व कोष्टके यांचा भार दूर सारून फैसल्याची मुखत्यारी पंचाच्या अनुभवी विवेकावर सोपविली. खेळाडूने काहीही करू म्हणावे आणि जाणत्या मनुष्याने त्याचे फळ सांगावे, हा दंडक तेथे रूढ झाला. कथा अजून कोठेच नव्हती. परंतु कथेला लागणारा श्रोता आणि निवेदक असे दोन्ही एकाच आसनावर येऊन बसले होते.

त्या आसनाला कथेचा स्पर्श अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. तेथील डेव्हिड वेस्ली या तरुणाने, टॉटन नामक अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याच्या 1880 मधील ‘स्ट्रॅटेगॉस’ या ग्रंथातून पंचाच्या मुखत्यारीची कल्पना उचलली, आणि 1969 च्या सुमारास ब्राउनश्टाइन या कल्पित गावात नेपोलियनकालीन लढाई योजली. खेळावयास आलेल्या साऱ्यांना सेनापती करणे शक्य नव्हते, म्हणून त्याने कोणाला पेढीवाला, कोणाला विद्यापीठाचा प्रमुख, कोणाला विद्यार्थी अशा भूमिका देऊन प्रत्येकाचा हेतू निराळा ठरविला. सैन्ये गावात पोहोचण्यापूर्वीच या मंडळींची आपसांत खलबते सुरू झाली, आणि वेस्लीपाशी ज्यांचे नियमच नव्हते असे एक द्वंद्वयुद्धही दोघांनी परस्पर ठरवून टाकले. डाव हातचा गेला असे वेस्लीला वाटले. मित्रांनी मात्र तसाच डाव पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला. योजकाचा बेत मोडला आणि त्या मोडण्यातूनच कथा निपजली, ही या विद्येच्या जन्मकाळची घटना तिच्या पुढील साऱ्या स्वभावाची किल्ली आहे.

त्या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन याने लवकरच ‘ब्लॅकमूर’ नावाचा एक कल्पित मुलूख वसविला, त्याच्या किल्ल्याखाली भुयारे खोदली, आणि खेळाडूंचे पात्र एका बैठकीपुरते न ठेवता ते महिनोन्महिने अनुभवाने वाढत राहील अशी तजवीज केली. 1972 च्या अखेरीस त्याने हा खेळ विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्सला दाखविला, आणि दोघांच्या सहकार्यातून 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा, तीन पुस्तिकांचा, पहिल्या आवृत्तीत 1000 प्रती निघालेला संच प्रसिद्ध झाला. खेळ आरंभण्यापूर्वी पंचाने भुयाराच्या किमान सहा मजल्यांचे नकाशे काढून ठेवावेत अशी त्यात सूचना आहे. पंचाने कथा लिहावी असे कोठे म्हटलेले नाही. त्याने चौकड्यांच्या कागदावर दालने काढावीत, त्यांना क्रमांक द्यावेत, आणि कोणत्या दालनात कोणता राक्षस व कोणते धन आहे याची नोंद दफ्तरी ठेवावी, एवढेच अपेक्षित आहे. स्थळ आधी, प्राणी नंतर, आणि घटना खेळाडूच्या पावलागणिक, हा क्रम तेव्हा ठरला तो आजतागायत मोडलेला नाही.

मात्र केवळ धनाच्या लोभाने दालने धुंडाळणाऱ्या खेळाडूला पुढे असा प्रश्न पडणारच की हा राक्षस येथे बसला आहे तो कशासाठी. ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने 1983 मध्ये त्याच खेळासाठी ‘रेव्हनलॉफ्ट’ हे प्रकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातील किल्लेदार रक्तपिपासू असूनही स्वतःच्या दुःखाने व वासनेने चालणारा मनुष्य होता. आणि त्याचा उद्देश काय व महत्त्वाच्या वस्तू किल्ल्यात कोठे, हे दर खेपेस पत्ते काढून ठरविले जाई. घटनाक्रम लादण्यापेक्षा खलनायकाला हेतू द्यावा, म्हणजे खेळाडूने काहीही केले तरी तो त्यास अनुरूप उत्तर देईल, हे मर्म त्या चोपडीने योजकांना दिले.

याच सुमारास खेळ यंत्रात शिरला, आणि पंच आसनावरून उठला. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ संगणकजाळ्यावर 1975 मध्येच विद्यार्थ्यांनी भुयारांचे खेळ रचले होते. 1981 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील ग्रीनबर्ग व वुडहेड या दोघांनी ‘विझर्ड्री’ बाजारात आणला, त्यात प्रत्येकी 20 गुणिले 20 चौकड्यांचे 10 मजले होते आणि कथा म्हणाल तर एका मांत्रिकाने चोरलेला ताईत परत आणण्यापुरती. यंत्र हिशेब निर्दोष ठेवी, परंतु ऐनवेळी सुचलेल्या युक्तीला दाद देण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी नव्हते. यापुढे पंच जे जे तोंडाने बोलला असता, ते ते सारे कोणीतरी आगाऊ लिहून ठेवणे प्राप्त झाले. आणि येथेच कथेचा मसुदा हा स्वतंत्र दस्तऐवज म्हणून जन्मास आला.

त्या मसुद्यात पंचाची सदसद्विवेकबुद्धी कशी उतरवावी, याचे उत्तर टेक्सासच्या रिचर्ड गॅरियटने दिले. आपल्या आधीच्या खेळांतून खेळाडू दुकाने लुटतात, निरपराध्यांना मारतात आणि तरीही शेवटी वीर म्हणून गौरविले जातात, हे पाहून त्याने 1985 मधील ‘अल्टिमा 4’ मधून मुख्य खलनायकच काढून टाकला. सत्य, प्रेम व धैर्य या तीन तत्त्वांतून निघणारे आठ सद्गुण आचरून ‘अवतार’ पदास पोहोचणे, हेच त्या खेळाचे साध्य. त्यात मंत्रसाहित्य विकणारी एक आंधळी दुकानदारीण आहे. तिच्या हातावर किती नाणी ठेवावयाची हे खेळाडूच सांगतो, कमी ठेवली तरी ती हरकत घेत नाही, परंतु प्रामाणिकपणाच्या खात्यात ती लबाडी निमूटपणे रुजू होते आणि पुष्कळ काळानंतर तिचा जाब मिळतो. कृती आणि परिणाम यांच्यामध्ये जाणूनबुजून ठेवलेले हे अंतर मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत उदात्त शोध वाटतो, कारण त्यामुळे यंत्राला प्रथमच स्मृती लाभली.

पंचाचे मार्गदर्शन मसुद्यात आणले ते जपानच्या युजी होरी याने. 1986 मधील ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा त्याचा खेळ अवघ्या 64 किलोबाइटांत बसवावयाचा होता. शब्द इतके महाग की जपानी लिपीतील अक्षरेसुद्धा निवडून घ्यावी लागली. तेव्हा होरीने शब्दांचे काम भूमीवर सोपविले. नायक आरंभी राजाच्या बंद दालनात असतो. पेटी उघडल्यावाचून किल्ली नाही, किल्लीवाचून दार नाही, दारावाचून जिना नाही, आणि हे करता करता नवख्या खेळाडूला सारे हुकूम अवगत होतात. बाहेर पडताच पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो, म्हणजे कथेचा शेवट पहिल्याच पावलावर ठाऊक होतो आणि उरते ती केवळ वाट. याच खेळात, सोडविलेली राजकन्या नायकाला आपल्याला सांगाती नेण्याची विनंती करते आणि नकार दिला तर होकार मिळेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, तर शेवटी शत्रू अर्धे जग देऊ करतो तेव्हा होकार देण्याची मुभा खरी असते आणि तिचे फळ विनाशच असते. एका ठिकाणी पंचाची उणीव उघडी पडते, दुसऱ्या ठिकाणी ती भरून निघते.

ती उणीव सर्वत्र भरून काढू म्हटले तर गणित आडवे येते. दोन पर्यायांचे केवळ दहा प्रसंग परस्परांपासून स्वतंत्र शाखांनी पुढे नेले तर 1024 शेवट लिहावे लागतील. म्हणून अनुभवी योजक शाखा फोडतो आणि काही अंतरावर त्या पुन्हा मुख्य प्रवाहात आणून मिळवितो. मात्र कोणाला वाचविले, कोणाला फसविले, याची खूण दफ्तरात राखून पुढील संभाषणांत तिचा दाखला देतो. मुख्य कथासूत्र, त्याच्या भोवतीच्या उपकथा, प्रत्येक गावाचा इतिहास, प्रत्येक सोबत्याचा हेतू आणि या खुणांची यादी, असे आजच्या मसुद्याचे विभाग पडतात. क्रिस ॲव्हेलोन याच्या नेतृत्वाखाली योजलेल्या 1999 मधील ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ या खेळात सुमारे 8 लाख शब्द आहेत, त्याचा नायक कायमचा मरत नाही, मरून पुन्हा उठतो आणि त्याला आपणच पूर्वी केलेल्या कर्मांचे अवशेष जागोजागी भेटत जातात, म्हणजे खेळाडूचे अपयशदेखील योजकाने कथेच्या सेवेस लावले आहे. मनुष्याचा स्वभाव कशाने पालटू शकतो, या प्रश्नाभोवती तो सारा प्रपंच उभा आहे, आणि खेळाडूच्या प्रत्येक निर्णयाने त्या प्रश्नाचे एकेक उत्तर नोंदले जाते.

जो तरुण आज असा खेळ योजू पाहतो, तो बहुधा हजारो वर्षांच्या काल्पनिक वंशावळींपासून आरंभ करतो आणि शेवटच्या युद्धापर्यंतचे प्रसंग ओळीने मांडतो. ती हौस निर्मळ आहे, परंतु या विद्येचे कूळ त्याला दुसरी शिकवण देते. प्रशियाच्या पंचापासून होरीपर्यंत ज्यांनी हा वारसा वाढविला, त्या सर्वांनी प्रथम हे विचारले की समोरचा मनुष्य येथे काय करू पाहील, आणि त्याला आपण काय उत्तर देऊ. मसुद्याच्या प्रत्येक पानावर हा प्रश्न विचारला गेला असेल, तर खेळाडूच्या सर्वांत अनपेक्षित कृतीलाही त्या मुलखात कोणीतरी ओळखणारे भेटते; आणि न भेटलेल्या, न पाहिलेल्या माणसाच्या स्वातंत्र्याचा असा आगाऊ आदर करणे, हा लेखनधर्माचा एक थोर प्रकार आहे, असे मी निःशंकपणे मानतो.