जॅझ बास (फेंडर) : जुन्या वाद्यांचा संग्रह व फेरबदल

चार तारांची विद्युत बास गिटार. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील फुलरटन येथील कारखान्याने ती १९६० मध्ये बाजारात आणली. प्रिसिजन बासपेक्षा (१९५१) हिची मान निमुळती असून नटपाशी रुंदी दीड इंच भरते. दोन्ही पिकअपांची वेटोळी व चुंबके परस्परविरुद्ध असल्याने दोन्हींचा आवाज पूर्ण ठेवला की विजेची गुणगुण विरते; एकाचा कमी केला की ती पुन्हा ऐकू येते.

कालनिश्चिती : जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीकडे गेली. त्याआधीच्या, ‘प्री-सीबीएस’ वाद्यांना संग्राहक वेगळाच भाव देतात. आरंभीच्या वाद्यांवर दोन जोडबटणे होती. १९६२ च्या सुमारास तीन साधी बटणे आली. १९६६ मध्ये फिंगरबोर्डवरील ठिपके जाऊन चौकोनी खुणा आल्या. त्याच दशकात ब्राझिलियन शिसवाची जागा भारतीय शिसवाने घेतली. सह्याद्रीत वाढते ती हीच जात. मान जोडणाऱ्या मागच्या पट्टीवरील अनुक्रमांकावर विसंबू नये, कारण चार स्क्रू काढले की पट्टी बदलता येते. पॉटवरील (बटणाखालच्या नियंत्रकावरील) आकडे अधिक विश्वासार्ह : ‘३०४’ हा स्टॅकपोल या, तर ‘१३७’ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेत. ३०४६३२० म्हणजे १९६३ चा विसावा आठवडा. वाद्य त्याआधीचे नाही, एवढेच यावरून सिद्ध होते. जोडणी बऱ्याच नंतरची असू शकते. मूळ डाख उकललेला असेल, तर हा पुरावाही कच्चा ठरतो.

फेरबदल : बासवादक जॅको पास्टोरियस यांची १९६२ ची फ्रेटविरहित बास सर्वांत प्रसिद्ध. फ्रेट कोणी काढले याविषयी एकवाक्यता नाही. खाचा बुजवून फिंगरबोर्डवर नौकांसाठीच्या इपॉक्सीचे थर दिले होते. गोल गुंडाळीच्या तारांनी उघडे लाकूड खरवडले जाते; कठीण थरामुळे ते वाचले आणि स्वरही उजळ झाला. १९८६ मध्ये चोरीस गेलेले हे वाद्य दोन दशकांनी सापडले. बासवादक मार्कस मिलर यांच्या १९७७ च्या बासमध्ये गिटार-कारागीर रॉजर सॅडोव्स्की यांनी प्रीअँप (पूर्वप्रवर्धक) व नवा ब्रिज बसवला. असे बदल वादनाची भाषाच घडवतात, म्हणून त्यांना ‘नासधूस’ म्हणणे अन्यायाचे आहे. मात्र प्रीअँपसाठी लाकूड कोरले की ते भरून येत नाही. आज फेरबदल करायचाच तर नव्या छिद्राविना करावा आणि काढलेले पॉट, कपॅसिटर, ब्रिज पेटीत जपून ठेवावेत.

रंग : सनबर्स्ट हा नेहमीचा; इतर रंगांस ५ टक्के जादा आकार पडे. पुन्हा रंगवल्यास किंमत बरीच उतरते.