जेऊर स्टेशन, हेलियम आणि एक राहून गेलेले उत्तर

मंडळी, अणदूरहून पुण्याला जायचे म्हणजे आम्ही आधी सोलापूर गाठतो आणि तिथून रेल्वे धरतो. कुर्डुवाडी गेली, केम गेले की जेऊर येते. नोकरीच्या काळात आणि नंतर मुलाकडे जाताना या स्टेशनावरून मी किती वेळा गेलो असेन याचा हिशेब नाही. लक्षात राहावे असे तिथे काही दिसले नाही. पण 22 जानेवारी 1898 रोजी सूर्य पाहण्यासाठी पार अमेरिकेहून माणसे या जेऊरला आली होती, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले. आणि मी इतिहासाचा मास्तर! असो.

आकाशाचे वेड मात्र लहानपणापासूनचे. उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडे माळवदावर झोपायचो. आजी बोट दाखवून तिकांडे दाखवायची, सप्तर्षींना ती बाज म्हणायची. पुढे बी.ए. मराठी माध्यमातून केले. गणित-विज्ञानाचा संबंध सुटला, पण आकाशाविषयी मिळेल ते वाचायची सवय सुटली नाही. त्या वाचनातूनच एक चूक घडली. तीच आज सांगायची आहे.

24 ऑक्टोबर 1995 ला सूर्यग्रहण होते. त्या निमित्ताने आठवीच्या वर्गात मी एक गोष्ट सांगितली. कुठल्याशा अंकात वाचलेली होती. 18 ऑगस्ट 1868 रोजी नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या कोकणातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि सूर्यावर हेलियम हा नवा वायू शोधून काढला! मुले खूश. आपल्या किल्ल्यावर जगातला एवढा मोठा शोध, मग छाती फुगणारच.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, ऑगस्टमध्ये कोकणात पाऊस असतो ना? मग सूर्य कसा दिसला?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "छापून आलेले खोटे असते का? बस खाली." ती बसली. नंतर वर्षभर तिने काही विचारल्याचे मला आठवत नाही.

पुढे 11 ऑगस्ट 1999 ला पुन्हा खग्रास ग्रहण आले. गुजरातपासून आंध्रपर्यंत त्याचा पट्टा होता आणि पावसाळी ढगांनी अनेकांची निराशा केली. तेव्हा तरी मला तिचा प्रश्न आठवायला हवा होता. नाही आठवला. निवृत्तीनंतर सवडीने वाचू लागलो, आणि ती गोष्ट हळूहळू उसवत गेली.

खरी हकिगत अशी आहे. 1868 च्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच, तो इंग्लंडात होता. लंडनच्या युद्ध खात्यात तो कारकून होता आणि खगोलशास्त्र ही त्याची फावल्या वेळची हौस. फ्रान्सचा जान्सेन मात्र त्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला होता. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या तांबूस ज्वाळा दिसतात, त्यांचा प्रकाश त्याने लोलकातून पाहिला. त्यात त्याला इतक्या ठळक तेजस्वी रेषा दिसल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्याने त्या शोधून पाहिल्या. इकडे लॉकियरनेही 20 ऑक्टोबरला घरच्या दुर्बिणीतून, ग्रहणाशिवायच, तेच साधले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेले पदक काढले.

आता हेलियमचे. चुलीच्या जाळात मिठाची चिमूट टाकली तर जाळ पिवळा होतो. तो मिठातल्या सोडियमचा रंग. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशात अशा त्याच्या ठरावीक रेषा असतात, जणू अंगठ्याचा ठसाच. सूर्याच्या ज्वाळांत एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या रेषांच्या अगदी शेजारी, पण नेमकी त्यांच्यावर नाही. लॉकियरने हा फरक धरून ठेवला. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून या अज्ञात द्रव्याला हेलियम म्हटले गेले. पुष्कळांनी मान्य केले नाही. शेवटी 1895 मध्ये विल्यम रॅम्झेला एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा सापडली. म्हणजे नाव आधी ठेवले आणि बाळ सत्तावीस वर्षांनी सापडले!

मला सगळ्यात चटका लावून गेली ती जमखिंडीची गोष्ट. जमखिंडी म्हणजे पटवर्धनांचे संस्थान, आता कर्नाटकात. 1868 च्या ग्रहणासाठी तिथे लेफ्टनंट जॉन हर्शेल आला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. दिवस पावसाळ्याचे, आभाळ भरलेले. ढग थोडे फाटले आणि तेवढ्या अवधीत त्याला तीन रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी. यातली नारिंगी म्हणजेच ती रेषा. पण त्याने ती सोडियमची समजली. डोळ्यांसमोर नवे काही होते आणि ओळखीचे म्हणून नोंदले गेले. त्याला दोष कसा देऊ? त्याच्याकडे काही क्षणच होते. माझ्या वर्गात तर अख्खा तास शिल्लक होता.

मग विजयदुर्गाची गोष्ट आली कुठून? लॉकियर विजयदुर्गाला आला होता हे खरे, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तोवर तो 'सर' झाला होता. 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते. किल्ल्यावर दुर्बिणींसाठी बांधलेले 'साहेबाचे ओटे' लोक आजही दाखवतात. दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली, एवढेच. तिथे आता 18 ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. जरूर व्हावा. फक्त मुलांना दोन्ही तारखा सांगाव्यात.

त्याच ग्रहणाचा पट्टा पुढे जेऊरवरून गेला. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल पत्नीसह आले होते. आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवालाही होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली तख्तसिंगजी वेधशाळा तेच चालवीत. थंडीतले स्वच्छ आभाळ आणि जेमतेम दोन मिनिटांचा अंधार! त्या वेधांचा अहवाल नायगमवालांनी छापून ठेवला आहे. ते निवृत्त झाल्यावर 1912 मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि तिची मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

तो काळ मी वर्षानुवर्षे शिकवला. प्लेग, दुष्काळ, चापेकर, रँड, टिळकांचा तुरुंगवास. रँडवर गोळ्या झाडल्या त्या 22 जून 1897 ला. त्यानंतर बरोबर सात महिन्यांनी एक हिंदी प्राध्यापक जेऊरच्या माळावर दुर्बिणी मांडून उभा होता. हे मी एकाही वर्गाला सांगितले नाही, कारण मला ठाऊक नव्हते. विजयदुर्गाची चुकीची गोष्ट मात्र हौसेने सांगितली.

आता ती मुलगी चाळिशीच्या पुढे गेली असेल. कुठे असते, माहीत नाही. माझे जुने विद्यार्थी अधूनमधून इथे डोकावतात, त्यांच्यापैकी कुणाशी तिचा संपर्क असेल तर एवढा निरोप द्या : बाई, तुझा प्रश्न बरोबर होता. ऑगस्टमध्ये कोकणात पाऊस असतो. सरांनी उत्तर द्यायला फार उशीर केला.