चांद्याचे लोखंड, वरोड्याचा कोळसा

वरोडा म्हटले की आज आपल्याला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हे नाव लोकांच्या तोंडी होते ते कोळशाच्या खाणीमुळे.

पूर्वीचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर जिल्हा, हा भाताचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख. पश्चिमेला वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा, पूर्वेला लोहाऱ्याच्या टेकडीत लोखंडाचा दगड. हा दगड इथल्या लोहारांना नवा नव्हता. मातीच्या लहानशा भट्टीत दगड आणि लोणारी कोळसा घालायचा, भाता चालवायचा आणि निघालेला तांबडालाल गोळा घणाखाली ठोकून काढायचा. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा त्यातूनच होई.

१८७० नंतर सरकारने वरोड्याला खाण चालविली. वर्ध्याहून आगगाडीही आली. मग प्रश्न उभा राहिला : कोळसा आहे, लोखंड आहे, मग मोठा कारखाना का नको? १८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाने सरकारसाठी लिहिलेला अहवाल जमशेदजी टाटांच्या वाचनात आला. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. चांदा तसा शेजारचाच. त्यांनी वरोड्याचा कोळसा तपासून घेतला आणि तिथेच घोडे अडले!

ते का, हे समजून घ्या. उंच भट्टीत कोळशाला वरच्या दगडाचा भार पेलावा लागतो आणि वाराही खेळू द्यावा लागतो. त्यासाठी त्याचा टणक कोक व्हावा लागतो. वरोड्याचा कोळसा इंजिनात जळे, पण त्याचा कोक होईना. शिवाय खाणीच्या परवान्याचे सरकारी नियमही जाचक होते. जमशेदजींनी बेत बाजूला ठेवला, पण अहवाल जपून ठेवला.

पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी दोराबजी टाटा लोहाऱ्याचा शोध घेत आले. तेवढ्याने मोठा कारखाना चालणार नाही असे ठरले. मात्र नागपूरच्या संग्रहालयात एका भूस्तरीय नकाशावर त्यांना द्रुगकडचे लोखंड दिसले. तिथून शोध पूर्वेकडे सरकला तो थेट साकचीपर्यंत. तेच आजचे जमशेदपूर. इकडे वरोड्याची ती जुनी खाण १९०६ साली बंद पडली.

तेव्हा चांद्याच्या पदरी काहीच पडले नाही, असे म्हणावे का? भट्टीला नको झालेला याच खोऱ्यातला कोळसा १९८० नंतर चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जळू लागला. आपल्या घरातला दिवा लावताना त्या लोहाराच्या भात्याचीही आठवण ठेवा. या जमिनीच्या पोटात काय आहे, हे तो अहवालांच्या आधीपासून जाणत होता.