जकात गेली, भरपाई आली. पालिकांच्या स्वायत्ततेचे काय?

शहरातील रस्ते, नळाचे पाणी, कचऱ्याची गाडी आणि पालिकेचा दवाखाना यांचा भार स्थानिक स्वराज्य संस्था उचलतात. मात्र त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणायचा, हा निर्णय बहुतांशी त्यांच्या हाती नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नागरी संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य यांसह १८ विषय नमूद झाले. पण या विषयांसाठी करांची स्वतंत्र यादी घटनेत दिली गेली नाही. पालिकांनी कोणता कर लावावा, हे राज्य विधिमंडळच ठरवते. आजच्या आर्थिक ओढाताणीचे मूळ या विसंगतीत आहे.

जकात ते भरपाई

महाराष्ट्रातील महापालिकांचा आर्थिक कणा दीर्घकाळ जकात हाच होता. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर वसूल होणारा हा कर रोज रोख उत्पन्न देत असे आणि शहराचा व्यापार वाढला की आपोआप वाढत असे. नाक्यांवरील ट्रकच्या रांगा, वाया जाणारे इंधन आणि गैरव्यवहार यांमुळे त्यावर टीकाही तितकीच झाली. ती निराधार नव्हती.

राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर अर्थात एलबीटी आला. व्यापाऱ्यांच्या हिशेबवह्यांवर आधारित या करास २०१३ मध्ये तीव्र विरोध झाला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईची जकात आणि उर्वरित एलबीटी इतिहासजमा झाले. त्यासाठीच्या घटनादुरुस्तीने राज्य सूचीतील ५२ वी नोंद वगळल्याने जकातीचा मार्ग कायमचा बंद झाला.

बुडालेल्या उत्पन्नापोटी राज्याने २०१७ मध्ये भरपाईचा स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून दरसाल ८ टक्के वाढ, असे त्याचे सूत्र आहे. या कायद्यामुळे पालिकांना आधार मिळाला, हे मान्य करावे लागेल. परंतु शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली वा व्यापार मंदावला, तरी सूत्र तेच राहते. पालिकेचा कर गेला आणि त्या जागी राज्याच्या तिजोरीतून येणारा हप्ता आला.

उरला मालमत्ता कर

जकातीनंतर पालिकांकडे स्वतःचा म्हणावा असा मोठा कर उरला तो मालमत्ता कर. तेथेही हात मोकळे नाहीत. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना २०२२ मध्ये करमाफी मिळाली. पुण्यात घरमालक स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत आधी रद्द झाली व २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. सामान्य कुटुंबांना दिलासा देणे गैर नाही. पण सवलत मंत्रालयातून जाहीर होते आणि खड्डा पडतो तो पालिकेच्या तिजोरीत.

पालिकांची स्वतःची जबाबदारीही टळत नाही. करआकारणीतून सुटलेल्या मिळकती, वर्षानुवर्षांची थकबाकी आणि खर्चाहून कमी पाणीपट्टी ही दुखणी बाहेरून आलेली नाहीत. कर्जाची वाट उपलब्ध असली तरी ती भक्कम उत्पन्नावरच चालते. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे विकले. छोट्या नगरपालिकांना हे साधणे कठीण आहे.

सुधारणा कोणती?

घटनेच्या कलम २४३-आय व २४३-वायनुसार दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे बंधनकारक आहे. राज्याच्या उत्पन्नातील पालिका व पंचायतींचा वाटा या आयोगाने सुचवावा, अशी ही योजना आहे. मात्र त्याच्या शिफारशी स्वीकारणे सक्तीचे नाही. अनेक राज्यांनी आयोग वेळेवर नेमलेही नाहीत. त्यामुळेच पंधराव्या केंद्रीय वित्त आयोगाने मार्च २०२४ नंतरचे अनुदान राज्य आयोगाच्या कार्यवाहीशी जोडले. नागरी संस्थांना मालमत्ता कराचा किमान दर ठरवण्याची आणि हिशेब खुले करण्याची अटही घातली.

यातून सुधारणेची दिशा स्पष्ट होते. भरपाईऐवजी वस्तू व सेवा कराच्या राज्याच्या वाट्यातील निश्चित हिस्सा पालिकांना हक्काने मिळावा. जो करसवलत जाहीर करील, त्यानेच तिचा भार सोसावा. राज्य वित्त आयोगाचा अहवाल मुदतीत विधिमंडळासमोर यावा आणि शिफारस नाकारल्यास कारणे द्यावीत. त्याबदल्यात पालिकांनी लेखापरीक्षित हिशेब वेळेवर नागरिकांपुढे ठेवावेत.

हा प्रश्न केवळ रकमांचा नाही. कर लावणारा आणि सेवा देणारा वेगवेगळा असला, की तुंबलेल्या गटाराचा जाब कोणाला विचारायचा, हेच मतदाराला कळेनासे होते. पालिका राज्याकडे बोट दाखवते, राज्य पालिकेकडे. स्वतःचे उत्पन्न हाती आले, तरच नगरसेवकाला ही पळवाट उरणार नाही.