डॉक्टरांची वही

स्टुटगार्टच्या काथारिनेन हॉस्पिटलच्या दारात तुम्ही उभे आहात. भेटीची वेळ संपली, मागच्या लांबलचक वाटेतले दिवे मंद झाले. आजीने लहानपणी बजावलेलं अशा वेळी हमखास आठवतं: दवाखान्यात रात्री कुणी नावाने हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही.

आता दोनशे वर्षं मागे या. डिसेंबर १८२६. राणी काथारिनाच्या नावाचं हे इस्पितळ अजून उघडायचं आहे, रुग्ण इथे १८२८ मध्ये येतील. तोवर आजारी माणूस घरात, नाहीतर एखाद्या डॉक्टरच्या आसऱ्याला. घोडागाडीत बसा आणि उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवरच्या वाइन्सबर्गला चला. द्राक्षमळ्यांचं गाव आहे, या दिवसांत वेलींवर पानही नाही.

खोलीत मेणबत्ती जळते आहे. पलंगावर पंचवीस वर्षांची बाई, फ्रीडरिके हाउफे. हिरड्यांतून रक्त येऊन येऊन तिचे दात पडलेत. प्रेफोर्स्ट नावाच्या डोंगरी गावातल्या वनरक्षकाची ही लेक. सोयरीक पक्की झाली त्याच दिवशी तिच्या आवडत्या पाद्र्याचं दफन होतं, आणि त्या थडग्यापाशी आपण या जगातून सुटलो असं तिला वाटलं. पुढे लग्न, बाळंतपण, पहिलं मूल गेलं. घरच्यांनी रक्त काढून पाहिलं, ताईत बांधून पाहिला. शेवटी नोव्हेंबरात तिला इथे आणलं, तेव्हा ती मरणाच्या दारात होती.

उशाशी बसलेत ते डॉक्टर युस्टिनुस केर्नर, चाळिशीचे, या तालुक्याचे सरकारी डॉक्टर. हातात वही. या माणसाकडे नीट पाहा. खराब सॉसेज खाऊन माणसं का मरतात, हे त्यांनी घरोघर फिरून शोधलं: तोंड कोरडं पडतं, पापण्या उचलत नाहीत, मग श्वास थांबतो. १८२० मध्ये अशा ७६ रुग्णांची हकिकत छापली, दोन वर्षांत ती संख्या १५५ वर नेली. ते विष त्यांनी स्वतःच्या जिभेवरही ठेवून पाहिलं. आज आपण त्याला बोटुलिनम म्हणतो. तीच नजर आणि तशीच वही घेऊन ते आता भुतांच्या नोंदी करत आहेत.

फ्रीडरिके तंद्रीत बोलू लागते. एक मेलेला माणूस रोज येतो म्हणते. तिरळा आहे, हातात आकड्यांनी भरलेला कागद आहे, कागदाचा एक कोपरा दुमडलेला आहे. तो विनवतो: हा कागद शोधा, माझ्या बायकोला सांगा. गावात नवख्या बाईने केलेलं वर्णन ऐकून केर्नर यांना कधीच वारलेला एक हिशेबनीस आठवतो. न्यायाधीशांच्या कचेरीत दप्तर उपसलं जातं आणि दुमडल्या कोपऱ्याचा तसा कागद मिळतो, असं केर्नर लिहून ठेवतात. तुम्हाला हे परकं वाटत नाही. पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून नदीकाठी ताटकळलेली माणसं तुम्ही पाहिली आहेत. ‘तुमचं देणं आम्ही फेडू’ असा कुणीतरी शब्द देतो, आणि मग कावळा उतरतो. जीव कशात अडकला, हे विचारायची रीत इथेही तीच.

एप्रिल १८२७ मध्ये केर्नर तिला आपल्याच घरी आणतात. भिंतीवर टकटक होते, पावलं वाजतात. एकदा उघड्या दारातून तिच्या पलंगाशी माणसाएवढा करडा धुराचा खांब दिसला, असं डॉक्टर स्वतः लिहितात. तत्त्वज्ञ येतात, धर्मपंडित येतात. ५ ऑगस्ट १८२९ रोजी ती ल्योवेनश्टाइनला वारते आणि त्याच वर्षी कोटा प्रकाशन दोन भागांत तिची हकिकत छापतं.

भुतं असतात असं मी मानत नाही. केर्नर मानत होते आणि तिथे ते चुकले, असं मला वाटतं. पण जवळपास अडीच वर्षं, दात पडलेल्या, गावाने वेडी ठरवली असती अशा बाईचा शब्दन्‌शब्द एका डॉक्टरने खरा मानून उतरवून घेतला. त्या वहीपुढे मी आजही नम्र होतो.

परतीच्या वाटेवर, नाझी राजवटीतल्या १९४० मध्ये, वाइन्सबर्गबाहेर थांबा. वाइसेनहोफ, १९०३ मध्ये उघडलेलं मनोरुग्णांचं इस्पितळ. अंगणात करड्या बसगाड्या उभ्या आहेत. वॉर्डातल्या माणसांची नावं यादीप्रमाणे पुकारली जातात. आवाज ऐकू येणारी, न दिसणारं पाहणारी, फ्रीडरिकेसारखी माणसं. नावाने हाक आली आणि त्यांनी ओ दिली.

गाड्या स्वाबियन आल्बच्या डोंगरावर, ग्राफेनेकला जातात. ती जागा स्टुटगार्टच्याच गृहमंत्रालयातल्या आरोग्य विभागाच्या प्रमुखाने सुचवली होती. तोही डॉक्टर. विषारी वायूचा नळ उघडणारेही डॉक्टरच. नंतर नातेवाइकांना पत्रं जातात, त्यांत मरणाचं कारण खोटं आणि सहानुभूतीचे दोन शब्द. जानेवारी ते डिसेंबर १९४०, एका वर्षात १०,६५४ माणसं.

आता हॉस्पिटलच्या दारात परत या. या मुलुखात मराठी घरं बरीच आहेत. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. तुम्ही इथे राहत असाल, तर एखाद्या रविवारी केर्नर यांचं घर जरूर पाहा, ते आता संग्रहालय आहे. पण त्याआधी ग्राफेनेकला जा. तिथल्या स्मारकात मेलेल्यांच्या नावांची वही ठेवली आहे. तिच्यातलं निदान एक नाव मोठ्याने वाचा.