मालिकांमधला वाट चुकलेला नवरा

मराठी मालिकांमधला वाट चुकलेला नवरा मूळचा रंगभूमीवरचा. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात रंगमंचावर आणले. त्यातला सुधाकर हुशार वकील. काही काळापुरती सनद जाते, दारुडा तळीराम हाती प्याला देतो आणि भरलेले घर धुळीला मिळते. बालगंधर्वांनी रंगवलेली त्याची बायको सिंधू दळण दळून संसार रेटते आणि मरता मरता नवऱ्याला वाचवण्यासाठी पोलिसासमोर खोटी जबानी देते. चुकायचे पुरुषाने आणि सोसायचे बाईने, ही वाटणी या नाटकाने पक्की केली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथल्या सुरुवातीच्या मालिका साप्ताहिक आणि बेताच्या भागांच्या असल्याने बिघडलेल्या संसाराला तिथे ऐसपैस जागा नव्हती. ती मिळाली दैनंदिन मालिकेत. १९९७ च्या 'दामिनी'ने रोजच्या भागाची सवय लावली आणि १९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाल्यावर 'आभाळमाया'ने तीच वाट धरली. विनय आपटे दिग्दर्शित या मालिकेत सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी प्राध्यापक होती आणि मनोज जोशींचा शरद हा तिचा संसारात न रमणारा नवरा. सिंधूहून सुधा वेगळी होती ती पगारामुळे. नवरा घसरला तरी तिचे घर चालू शकत होते.

पुढची मोठी पायरी २०१६ मधली 'माझ्या नवऱ्याची बायको'. झी मराठीवर २०२१ पर्यंत चाललेल्या या मालिकेत गुरुनाथ सुभेदार शनायाच्या नादी लागतो आणि नागपूरकडची, वऱ्हाडी बोलणारी त्याची बायको राधिका मसाल्यांचा धंदा उभारते. सुधाकर शोकनायक होता. गुरुनाथ हळूहळू हसण्याचा विषय झाला. तो सुधारला असता तर गोष्टच संपली असती. टीआरपी दर आठवड्याला येतो, लेखक चित्रीकरणाच्या जेमतेम पुढे धावत असतो आणि चाललेला ट्रॅक मिटवायला वाहिनी सहसा राजी नसते. त्यामुळे नायकाची खोड टिकवणे हाच धंद्याचा व्यवहार ठरतो. राधिकाचे दुसरे लग्न सौमित्रशी झाले, तरी गुरुनाथच्या खटपटी थांबल्या नाहीत.

चीनमध्ये याच सुमारास, २०१७ मध्ये, 'माझ्या आयुष्याचा पूर्वार्ध' अशा अर्थाच्या नावाची मालिका गाजली. तिथेही नवरा ऑफिसातल्या बाईपायी घर सोडतो, पण दोषाची वाटणी निराळी आहे. नायिका लुओ झिजुन आरंभी उधळी आणि संशयी आहे, दुकानातल्या मुलींशी तोऱ्यात वागणारी आहे. पुढे तर ती जिवलग मैत्रिणीच्याच प्रियकरात गुंतते. ही कथा हाँगकाँगच्या लेखिका यी शू यांच्या कादंबरीवरून घेतलेली, आणि त्या कादंबरीतल्या जोडप्याची नावे लू शुन यांच्या १९२५ मधल्या कथेकडे बोट दाखवणारी. म्हणजे तिथलीही मुळे सुधाकर-सिंधूच्याच काळातली. मालिका ४२ भागांत संपली. एवढ्या मर्यादेत पात्राला चुकून शहाणे होण्याची सोय असते. २०२० मध्ये तर चीनच्या सरकारी नियामकाने मालिका ४० भागांच्या आत ठेवण्याची सूचनाच काढली.

मराठीत अशी आटोपशीर मालिका दुर्मीळ. २०१८ मध्ये सुरू झालेली 'तुला पाहते रे' वर्षभरात संपली, हा अपवादच. सुबोध भावे यांचा विक्रांत सरंजामे वयाने निम्म्या असलेल्या ईशाचा राजबिंडा प्रियकर म्हणून आला आणि पुढे पहिल्या बायकोचा, राजनंदिनीचा, खुनी निघाला. ईशा ही तिचाच पुनर्जन्म, असा खुलासाही झाला. नायकाला खलनायक करण्याची हिंमत या मालिकेने दाखवली खरी, पण न्याय द्यायला तिला गतजन्माची मदत घ्यावी लागली. आणि ईशाच्या पदरी, सिंधू, सुधा, राधिकांप्रमाणेच, नाव घेण्याजोगा एकही दोष घातला गेला नाही.